दुसरा स्पर्श

पोहण्याचा टँक रिकामा व्हायला अकरा तास लागतात. बाबांनी आदल्या संध्याकाळी सहाला व्हॉल्व्ह उघडला होता. पहाटे पाचला पंप हवा ओढायला लागला, त्याचा आवाज बदलला, आणि बाबा झोपेतून उठून गेले नि त्यांनी तो बंद केला. क्वार्टर आणि पंपघर यांच्यामध्ये एकच भिंत होती. पलीकडचा कोणता आवाज बरा आणि कोणता वाईट, हे घरात सगळ्यांनाच कळत असे.

नऊ वाजता सगळे शिडीने खाली उतरले. वर्षातून एकदाच टँक असा कोरडा असे, आणि त्या दिवशी घरातलं कोणी कामाला जात नसे. ऑफिस माणसं द्यायला तयार होतं. पण इथली प्रत्येक टाइल बेचाळीस वर्षांपूर्वी बाबांच्या वडिलांनी, आप्पांनी, स्वतःच्या हाताने बसवली होती, आणि "माझ्या फरशीला परक्याचा खराटा नको" हे त्यांचं म्हणणं ऑफिसने केव्हाच मान्य केलं होतं. आता आप्पांना वाकता येत नव्हतं. ते उथळ बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत, काठीने एकेक टाइल ठोकत आणि कान देत. घट्ट बसलेली टाइल खणखणीत वाजे. आतून सुटलेली बद्द वाजे. "बद्द," आप्पा म्हणत, आणि आई त्या टाइलवर खडूने फुली मारी. मग खुर्ची हातभर पुढे सरके.

रिकाम्या टँकमध्ये कुजबुजता येत नाही. उथळ बाजूला हळू बोललेलं पंचवीस मीटरवर, खोल बाजूला, स्वच्छ ऐकू येतं. कधीकधी शेजारी उभ्या असलेल्या माणसापेक्षाही स्वच्छ. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी दरवर्षी कोणीतरी विसरत असे.

या वर्षी बाबा विसरले.

कॉलेजचं पत्र आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून शिडीच्या पायरीला टांगलं होतं. "चारच्या आत कळवायचंय," ती सकाळी म्हणाली होती. "टँक घासता घासता ठरलं तर ठरलं. घरात बसलो की चहा होतो, निर्णय होत नाही." राहणं, जेवण, शिक्षण, चार वर्षं. बदल्यात चिंगळीने कॉलेजसाठी पोहायचं. चिंगळी सतरा वर्षांची होती आणि घरात सर्वांत उंच. हे नाव ती बोटभर असताना पडलेलं होतं आणि आता काढता येत नव्हतं. या क्षणी ती खोल बाजूला गुडघ्यांवर बसून काळी पट्टी घासत होती. तिच्यापासून चार हातांवर आत्या तळाच्या जाळीतला गाळ काढत होती. आत्या रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. सव्वीस वर्षांपूर्वी खांदा गेला म्हणून ती याच कॉलेजातून अर्ध्यात परत आली होती, आणि तेव्हापासून या टँकमध्ये उतरली ती फक्त तो असा कोरडा असताना.

बाबांच्या शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद होता. पत्राबरोबर आलेला, कॉलेजच्या टँकमध्ये झालेल्या निवडचाचणीच्या निकालाचा. चार दिवसांपूर्वी त्यांनी तो पाकिटातून काढून घेतला होता आणि कोणाला दाखवला नव्हता.

"अहो," आई म्हणाली, "एकाच टाइलवर किती वेळ ब्रश फिरवताय? भोक पडेल तिथे."

"शेवाळ चिकट आहे."

"शेवाळ तिकडे आहे. चार दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय तुम्ही. काय आहे ते एकदा बोलून टाका."

बाबांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा टाइल ऐकत होते. बाबा आईजवळ सरकले, कागद उलगडला आणि आवाज अगदी खाली आणला.

"ती वेळ तिची नाहीये."

"कोणाची मग?"

"कोणाचीच नाही. घड्याळाची चूक आहे. हे बघ. भिंतीवर टचपॅड असतं. हात टेकला की घड्याळ थांबतं. शंभर मीटर, एक मिनिट दोन सेकंद. आता त्याच्या खाली वाच."

आईने वाचलं. बारीक अक्षरात होतं: दुसरा स्पर्श, एक मिनिट तीन पूर्णांक चार, अमान्य.

"म्हणजे?"

"म्हणजे पॅड दोनदा दाबलं गेलं. आधी लाट आपटली आणि घड्याळ थांबलं. मग ही खरी पोचली. इथे रोज काय वेळ येते तिची? एक तीन सहा. फार तर एक तीन पाच. त्यांना एक दोन पाचच्या आत हवी होती. मीटर दोन आकडे दाखवायला लागला, तर नेहमीचा असतो तो खरा. एवढं पंपवाल्यालाही कळतं."

"आणि त्यांना कळलं नाही? तिकडे सगळे यंत्रं सांभाळणारेच बसलेत."

"ते 'अमान्य' लिहून मोकळे झाले. मला वाटतं, आपण कळवावं."

आईने खडू खाली ठेवला. हॉस्पिटलच्या शिवणखात्यात ती दिवसाला चाळीस चादरींना टिपा घालत असे, आणि तिला राग आला की ती बोलायच्या आधी हातातली वस्तू व्यवस्थित खाली ठेवी.

"काय कळवणार? की आमची पोर तुम्हाला वाटली तेवढी चांगली नाही, तेव्हा तिची जागा काढून घ्या? सहा वर्षं ती उजाडायच्या आधी पाण्यात उतरतेय. तिच्यासाठी एकदा, एकदाच गप्प बसा."

"गप्प बसणं म्हणजे खोटंच की."

"मग बोला खोटं!"

"बाबा," खोल बाजूने आवाज आला. चिंगळीने मान वर केली नव्हती. ब्रश चालूच होता. "पहिला स्पर्श माझाच होता."

बाबा गर्रकन वळले.

"दुसरा माझा नव्हता," ती म्हणाली.

*

आईला नंतर आठवायचं ते एवढंच, की त्या वाक्यानंतर जाळी खरवडण्याचा आवाज थांबला. सकाळपासून तो इतका सारखा चालू होता की तो थांबल्यावरच ऐकू आला.

"दुसरा कोणाचा होता मग?" आईने विचारलं. हसतच विचारलं, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

"माहीत नाही. माझ्या मागे कोणीतरी होतं."

"शेजारच्या लेनमधली असेल."

"शेजारची लेन शेजारी असते, आई. ही माझ्याच लेनमध्ये होती. पहिल्या वळणाला घोट्याला बोटं लागली."

"दोरी लागली असेल."

"दोरी बाजूला असते."

"मग तुझाच पाय तुझ्या पायाला—"

"वहिनीने पोहायला शिकायला हवं होतं," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

बाबा मात्र टवटवीत झाले होते. कागद हातात धरून ते उतारावरून खोल बाजूला चालायला लागले, आणि आईने पाहिलं की चार दिवसांनी त्यांचे खांदे जागेवर आले होते.

"म्हणजे पहिला तुझाच! नक्की? हात टेकलास आणि बोर्डवर दोन आला?"

"मान वर केली तेव्हा दोनच होता."

"मग प्रश्नच मिटला. अगं, माणूस पोहतो तेव्हा आपल्यामागे पाणी ओढत नेतो. तो थांबतो, पाणी थांबत नाही. ते मागून येऊन भिंतीवर आपटतं. सेकंदा-दीड सेकंदाने. तुझीच लाट होती ती! आणि वळताना तीच पायाला लागली." ते आईकडे वळले. "वेळ तिचीच आहे. घ्या, मी हो म्हणतो. आता कळवायला काही हरकत नाही."

"एवढा वेळ लाट खोटी होती, आता खरी झाली का?" आई म्हणाली, पण तिलाही बरं वाटलं. तिने शिडीवरची पिशवी काढली आणि तिच्यातला फोन बाहेर घेतला. पत्राच्या तळाशी फोन नंबर होता. घड्याळात साडेअकरा. काम संपायच्या आधी हे संपलं असतं.

"लाटेला बोटं नसतात," आत्या म्हणाली.

"ताई, तू आता नवीन काही काढू नकोस हां."

"किती नंबरची लेन होती गं?"

चिंगळी थांबली. "तीन."

"वन्सं," आई म्हणाली, "तुम्ही तिथे होतात ते ठीक आहे. तुमचा खांदा गेला, वाईट झालं, पण म्हणून पोरीने—"

"वहिनी, पाच मिनिटं." आत्या उठून उभी राहिली. रबरी हातमोजे तिने एकेक बोट सुटं करत काढले, लॅबमध्ये काढतात तसे, बाहेरची बाजू आत. "पाच मिनिटं मला बोलू दे. मग कळवा."

*

सव्वीस वर्षं हे कोणाला सांगायचं ते आत्याने ठरवून ठेवलं होतं: कोणालाच नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. पुरावा नव्हता. नमुना नाही, स्लाइड नाही. तिने फक्त मोजलं होतं.

"माझीही लेन तीनच होती. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मागच्या मुली वेळ न बघता सुटतायत," ती म्हणाली. "भिंतीला हात टेकायचे, श्वास घ्यायचे, आणि मागे भिंतीवर चापटी बसल्यासारखा आवाज यायचा. वळून बघितलं की कोणी नाही. मग मी वळून बघणं बंद केलं. मोजायला लागले. एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन आणि आवाज. दर खेपेला तीन. दुसऱ्या महिन्यात दोन. मग एकशे एक म्हणून होतं न होतं तोच."

"जवळ येत होतं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"का तू हळू होत होतीस?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा धाकटा भाऊ असे प्रश्न लहानपणापासून विचारत असे, आणि ते बरोबर असत. "मी हळू होत होते. भीतीने माणूस जोरात पोहतो, पण एकदा, दोनदा. रोज भ्यायला लागलं की हात जड होतात. कोचला वाटलं मी चुकारपणा करते. मी तरी काय सांगणार? शेवटच्या दिवशी मी भिंतीला हात टेकला आणि माझ्या हाताचा आवाज आणि तो आवाज, दोन्ही एकदम झाले. मी बाहेर आले, कपडे बदलले आणि स्टेशनवर गेले."

"आणि खांदा?" हे आप्पांनी विचारलं. पंचवीस मीटरवरून, खुर्चीत बसून, आवाज न चढवता. ते सगळं ऐकत होते हे सगळेच विसरले होते.

आत्याने उजवा हात वर नेला, कानाला लावला, मागे नेऊन पूर्ण फिरवला आणि खाली आणला. कुठेही न अडखळता.

"खांद्याला काही झालं नव्हतं, आप्पा."

"मी वर्षभर तेल चोळत होतो."

"हो."

"दुखत नसताना?"

"हो."

आप्पांनी काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये धरली. "मला वाटायचं, मीच बिघडवला. लहानपणी जास्त पोहायला लावून. म्हणून परत कोणाला शिकवलं नाही मी. हिला सुद्धा नाही." हिला म्हणजे चिंगळीला, ती टँकच्या शिक्षकाकडे शिकली होती आणि आप्पा काठावरही येत नसत. घरात सगळ्यांनी ते म्हातारपणाच्या नावावर टाकलं होतं.

"मला माहीत होतं तुम्हाला तसं वाटतं ते," आत्या म्हणाली.

"आणि तरी बोलली नाहीस."

"काय बोलले असते? खांदा कळतो लोकांना."

रिकाम्या टँकमध्ये वरच्या खिडक्यांमधून ऊन तिरपं येत होतं आणि भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसत होती, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर. आईला पहिल्यांदाच जाणवलं की आपण सगळे त्या रेघेच्या खाली उभे आहोत. तिने फोन पिशवीत परत टाकला आणि पिशवीला गाठ मारली.

"नाही जायचं," ती म्हणाली. "संपलं."

"आत्ता तर तू मला खोटं बोलायला लावत होतीस!" बाबा म्हणाले.

"आत्ता मला हे माहीत नव्हतं."

"अगं, काय माहीत झालं? आवाज! टँकमध्ये आवाज होतात. मी आयुष्यभर ऐकतोय. पाइपात हवा अडकली तर माणूस खोकल्यासारखा आवाज येतो."

"तुमच्या पाइपने कोणाचा घोटा धरला का कधी?"

"धरला नाही," चिंगळी म्हणाली. "लागली फक्त. बोटं."

"बघा!"

"आई, ऐक ना. आत्या, तू वळून बघणं बंद केलंस म्हणालीस. पाण्याखाली बघितलंस का कधी?"

"नाही."

"मी बघितलं."

*

खरं तर चिंगळीला हे सांगायचं नव्हतं. चाचणीवरून आल्यापासून ती ते स्वतःशीच उलगडून बघत होती आणि प्रत्येक वेळी ते थोडं वेगळं दिसत होतं, आणि तिला भीती होती की एकदा सांगितलं की ते एकाच आकाराचं होऊन बसेल.

"पहिले पन्नास मीटर मी खूप घाबरले," ती म्हणाली. "आत्या म्हणते तसंच. जीव घेऊन पोहले. मग दुसऱ्या वळणाला भिंतीला पाय लावून ढकललं ना, तेव्हा मी उताणी होते, आणि मला ती वरून जाताना दिसली. म्हणजे ती नाही. बुडबुडे. माणूस पाण्यात श्वास सोडतो तसे, पण तुटक तुटक. तिला दम लागला होता."

"कोणाला?" आई कुजबुजली, आणि तिची कुजबुज दोन्ही भिंतींना लागून परत आली.

"तिला. पाठलाग करणारं माणूस असं धापा टाकत नाही, आई. ती माझ्यामागे लागली नव्हती. तिला मागे पडायचं नव्हतं. मग माझी भीती गेली. मला वाटलं, आपण ओढून नेलं तर येईल ही. शेवटचे पन्नास मी तिला ओढत नेलं. ती एक दोनची वेळ भीतीची नाहीये, बाबा. माझीच आहे."

बाबांनी कागदाची घडी घातली आणि परत उघडली.

"मी हात टेकला आणि खाली डोकं घालून वाट बघितली. बुडबुडे येत होते. भिंतीपासून तीनेक मीटरवर ते थांबले. एकदम. काहीच नाही. मला वाटलं, गेली. मग पॅडवर हात बसल्याचा आवाज आला."

"शेवटचे तीन मीटर बुडबुडे नव्हते?" आप्पा म्हणाले.

"नव्हते. श्वास धरून नुसती सरकत आली असावी. हात न मारता."

आप्पा खुर्चीतून उठले. आधाराशिवाय, काठी खुर्चीलाच टेकवून ठेवून. बाबा धावले, पण त्यांनी हाताने नको म्हटलं. ते उतारावरून सावकाश खाली आले आणि आत्याच्या समोर उभे राहिले.

"कितीदा ओरडलो असेन मी तुला," ते म्हणाले. "शेवटी सरकू नकोस, हात मार, हात मार म्हणून. काठावरून काठी आपटायचो मी. बरोबर तीन मीटर. भिंत दिसली की तू हात सोडून द्यायचीस."

आत्याचा चेहरा चिंगळीने असा कधी पाहिला नव्हता. लॅबमधून कोणाचा रिपोर्ट वाईट आला तर आत्या जेवताना गप्प असे. पण तो दुसऱ्यांचा असे.

"पण मी इथे आहे," आत्या म्हणाली.

ते खरंच होतं. ती तिथे होती, पायात रबरी बूट, कोपरापर्यंत गाळ.

"तुझ्या मागे होती ती कसा हात टेकायची?" चिंगळीने विचारलं.

आत्याने डोळे मिटले. "दोन आवाज. लागोपाठ. आधी एक तळवा, मग दुसरा. मी कधीच तसं करत नसे."

"म्हणजे ती दुसरी होती," आई म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पिशवीची गाठ बोटाने चाचपत होती. शिवताना उसवलेली टीप कुठून सुरू झाली ते मागे मागे जात शोधावं, तशी ती बोलत होती. "तुमच्याआधी तिथे कोणीतरी असेल. तुमच्यासारखीच, अर्ध्यात सोडून गेलेली. तुम्ही गेलात, तर तुमचं मागे राहिलं. तिचं जसं राहिलं होतं. पाण्यात धोका नाहीये. धोका सोडून येण्यात आहे."

बाबांना यावर काहीतरी म्हणायचं होतं. लाट, हवा, पाइप. त्यांनी तोंड उघडलं, सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि फक्त एवढंच म्हणाले, "मग काय करायचं?"

"मला जायचंय," चिंगळी म्हणाली. "हे नसतं तरी जायचं होतं. या टँकमध्ये मी एक तीन पाचच्या खाली कधी येणार नाही, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. तिथे मी आले. आणखी किती खाली जाता येतं ते मला बघायचंय. पण जायचं तर पूर्ण जायचं."

आईने पिशवीची गाठ सोडली नाही. तिने चिंगळीकडे पाहिलं. मग तिने दातांनी गाठ सोडवली, फोन काढून मुलीच्या हातात दिला, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

बाबांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. अशा वेळी बाप जे म्हणतो तेच त्यांच्या ओठावर आलं होतं. नाही जमलं तर परत ये, घर आहे, आम्ही आहोत. तिच्या पहिल्या स्पर्धेपासून प्रत्येक वेळी त्यांनी तेच म्हटलं होतं आणि ते म्हटलं की ती धावत जाई. त्यांनी ते वाक्य गिळलं. त्याच्या जागी ठेवायला त्यांच्याकडे दुसरं वाक्य नव्हतं, म्हणून त्यांनी हात तसाच ठेवला.

फोन स्पीकरवर होता. टँकमुळे घंटी सगळीकडून वाजत होती.

"बोल गं," कोच मॅडमचा आवाज आला. "मी तुझीच वाट बघत होते. काय ठरलं?"

"मी येतेय, मॅडम."

"शाब्बास! मला खात्रीच होती. घरचे खूश?"

"हो."

"अगं, आवाज कसा घुमतोय तुझा. विहिरीत आहेस का?"

"रिकाम्या टँकमध्ये आहे. साफसफाई चाललीय."

"हां. बरं ऐक, कागद मी पाठवते. आणि दडपण घेऊ नकोस हं. पहिलं सत्र सगळ्यांनाच जड जातं. नाहीच जमलं तर परत जाता येतं, आम्ही कोणाला अडवून ठेवत नाही. दरवर्षी एक-दोघी जातातच."

आईने भिंतीवरून तोंड वळवलं. आप्पांनी हवेतच काठी शोधली, ती खुर्चीशी राहिली होती.

"दरवर्षी?" चिंगळीने विचारलं.

"जवळजवळ."

"किती वर्षांपासून?"

कोच मॅडम हसल्या. "मला काय माहीत बाई! टँक बांधला तेव्हापासून म्हण. का गं?"

"काही नाही. मॅडम, मी चार वर्षं राहणार आहे. कागदावर तसं लिहा."

"ते लिहिलेलंच असतं, वेडे."

"पुन्हा लिहा."

पलीकडे काहीतरी लिहिल्यासारखा आवाज आला. चिंगळीने फोन बंद केला. घुमणं थांबायला थोडा वेळ लागला.

आत्या जाळीपाशी परत गेली होती, पण काम करत नव्हती. ती तिथे उकिडवी बसली होती.

"ती शेवटी सरकायला लागली ना," ती म्हणाली, "तर तिच्यासाठी थांबू नकोस. तिला हात मारायला लाव. पार भिंतीपर्यंत."

"लावते."

चिंगळी ब्रश उचलायला वाकली आणि तशीच थांबली. "आत्या. आणि बाकीच्या?"

आत्याने वर पाहिलं. उत्तर आलं ते लॅबमधल्या आवाजात.

"आधी मोज," ती म्हणाली. "मग मला कळव."